दंडाचं माप

‘घरी कोणता पट्टा लावता, काका?’ परिचारिकेनं एवढंच विचारलं. मास्तर तेव्हा हसत होते, कारण तिच्या यंत्रानं नुकतेच एकशे अठ्ठावन्न दाखवले होते आणि घरी त्यांचा रक्तदाब कधी एकशे बेचाळीसच्या वर गेला नव्हता. डोळ्याच्या ऑपरेशनआधीची ही तपासणी. मोतीबिंदू काढायचा, म्हणजे सुईत दोरा पुन्हा पहिल्या फटक्यात जाईल. यापलीकडे त्यांना त्या इमारतीशी काही देणंघेणं नव्हतं. ‘तुमचं यंत्र तपासून घ्या, बाई,’ ते म्हणाले होते. ‘अकरा वर्षं मोजतोय मी. आमच्या घरचा आकडा चुकायचा नाही.’ ती चिडली नाही. तिच्या मागे खिळ्यांवर पट्टे लटकत होते, एक लहान, एक मोठा, आणि मधला त्यांच्या दंडाला होता. मग तिनं तो प्रश्न विचारला. ‘मोठा,’ मास्तर म्हणाले. ‘बायकोसाठी आणला होता. तोच वापरतो.’ ‘मग बरोबर आहे. दंडापेक्षा पट्टा मोठा झाला की आकडा कमी येतो. लहान झाला की जास्त.’ तिनं पट्टा सोडून उलटा केला आणि आतल्या बाजूला छापलेल्या दोन रेघा दाखवल्या. पट्ट्याची कड त्या दोन रेघांच्या मध्ये आली पाहिजे. पलीकडे गेली, तर तो पट्टा त्या दंडाचा नव्हे. ‘कपड्यासारखंच असतं, काका. ज्याचं माप त्याला.’ आपण कुणाला सांगतो आहोत हे तिला कुठून ठाऊक असणार? त्रेचाळीस वर्षं मास्तरांनी लोकांच्या बाह्या शिवल्या होत्या.

त्यांनी कागद घेतला, नीट घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर येऊन भिंतीलगतच्या बाकावर बसले. डोक्यात दोनच आकडे होते. साडेतेरा आणि सव्वादहा. दोन्ही इंचातले, दोन्ही बायकोच्या दंडाचे. गिऱ्हाइकांची मापं ते वहीत लिहीत, बायकोची कधी लिहावी लागली नाहीत. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा पाव इंच खाली होता, हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. साडेतेरा हा तिचा दंड, अकरा वर्षांपूर्वीचा, जेव्हा ती अंगानं भरलेली होती आणि जिना चढताना कठड्याशी भांडायची. त्याच वर्षी गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं, की रक्तदाब वाढलाय. ती म्हणाली, ‘पण मला तर काही होत नाही.’ डॉक्टर म्हणाले, ‘तेच तर. हा दुखत नाही, खुपत नाही, तक्रार करत नाही. गपचूप बसतो आणि आतल्या आत नळ्या खराब करतो. हृदय, मेंदू, मूत्रपिंड, सगळीकडे त्याचे हात पोचतात.’ तिनं नवऱ्याकडे बोट केलं. ‘गपचूप बसणारा एक आहे माझ्याकडे आधीच. दुसरा कशाला?’ डॉक्टर इतके हसले, की बाहेरच्या बाकावरचे लोक आत डोकावले.

यंत्र घरी आणलं त्या दिवशी ते टेबलावर मांडून मास्तरांनी पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला, हवा भरली, आणि चिकटपट्टी करकर करत उघडली. दुसऱ्यांदा कशीबशी टिकली आणि आकडा आला एकशे अठ्ठ्याहत्तर. ती घाबरली. मास्तर घाबरले नाहीत. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, दंडाकडे पाहिलं. एवढ्या दंडाला एवढीशी बाही कोण शिवेल? तसेच उठून दुकानात गेले, मोठा पट्टा मागितला. दुकानदार म्हणाला, मोठा असा कुणी नेत नाही. मास्तरांनी मागे ठेवलेल्या खोक्यातून तो शोधून काढायला लावला. मोठ्या पट्ट्यानं एकशे साठ आले. डॉक्टरांनी तपासून पाहिलं आणि मान डोलावली. ‘मास्तर, हे माझ्यासुद्धा लक्षात आलं नसतं. शिंप्याची नजर!’ पुढे कित्येक दिवस ते इतर रोग्यांना ही गोष्ट सांगत. मास्तरांना ते कुठून कुठून ऐकू येई आणि बरं वाटे. माणसाला एकदा शाबासकी मिळाली की त्या जागेकडे तो पुन्हा पाहत नाही. बाकावर बसल्या बसल्या हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांना तोंडात मारल्यासारखं झालं.

कारण त्यानंतर त्यांनी जे चालवलं होतं त्यात कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. रोज सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी जेवणाच्या आधी. अर्धा तास चहा नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, एकावर एक टाकायचे नाहीत. हात टेबलावर, छातीच्या उंचीला, आणि ती उंची बरोबर यावी म्हणून खाली अस्तराच्या कापडाच्या दोन घड्या. पाच मिनिटं बोलायचं नाही. मग मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे, आवडता तेवढा नव्हे. तिला पाच मिनिटं गप्प बसणं म्हणजे शिक्षा होती. ती भुवया नाचवायची, गाल फुगवायची, त्यांच्या मागच्या भिंतीकडे बघून कुणीतरी आल्यासारखे डोळे मोठे करायची. मास्तर घड्याळाकडे बघत बसायचे. हसू आलं तरी आवरायचे, कारण ते हसले की ती हसे आणि पाच मिनिटं पहिल्यापासून. ‘लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढी गप्प नव्हते मी,’ ती पट्टा सोडताच म्हणायची. मीठ तिनं निम्म्यावर आणलं. पहिला आठवडा दोघंही रडकुंडीला आल्यासारखे जेवले, मग जिभेला सवय झाली. रोज पुलापर्यंत चालून यायला लागली. एकदा बरं वाटतंय म्हणून चार दिवस गोळी सोडली, तेव्हा मास्तरांनी आवाज चढवला होता. आयुष्यात दोन-तीनदाच चढवला असेल. ‘बरं वाटतंय ते गोळीमुळे. अस्तर दिसत नाही म्हणून काढून टाकतात का?’

आणि ती बारीक होत गेली. आधी चालण्यानं, ते चांगलंच होतं. डॉक्टर खूश, ती खूश, जिन्याशी भांडण मिटलं. मग दात काढले, खाणं उतरलं. मग पोटाचं दुखणं सुरू झालं. दर थंडीच्या आधी ती कपाटातला कोट काढायची, अंगात घालून त्यांच्यापुढे उभी राहायची. ‘अहो, बघा, आत मावशी राहायला येईल एवढी जागा आहे.’ मास्तर तोंडात टाचण्या धरून बाही आत घ्यायचे. पाव इंच. अर्धा इंच. एका वर्षी पाऊण. शिवण उसवायची, खडूची रेघ, पुन्हा शिवण. सव्वादहापर्यंत आले होते. त्याच टेबलावर, त्याच हातांनी, आणि संध्याकाळी तोच हात, त्याच टेबलावर, मोठ्या पट्ट्यात. पट्टा ते असा घट्ट आणि सरळ गुंडाळत, की कड कुठे जाते ते बघायची गरज कधी वाटली नाही. रेघा आतल्या बाजूला होत्या. पण रेघांची गरज कुणाला होती? दंड त्यांना पाठ होता.

डॉक्टरांच्या खोलीत तिचा आकडा पन्नाशीच्या पुढे यायला लागला होता. एकशे बावन्न, एकशे छप्पन्न. घरी एकशे अडतीस, एकशे चाळीस. डॉक्टर म्हणाले, काहींचा दवाखान्याच्या भीतीनं वाढतो, असं होतं. त्यांनी वही चाळली. आठ वर्षांतली दुसरी वही होती ती, रेघा आखलेली, एकही दिवस रिकामा नाही. ‘माझ्या यंत्रापेक्षा तुमच्या वहीवर माझा जास्त विश्वास आहे, मास्तर.’ तिचे घोटे सुजत होते, म्हणून दोनातली एक गोळी त्यांनी कमी केली. ती इतकी खूश झाली, की वाटेत थांबून कोपऱ्यावर दोघांनी चहा घेतला. पुढच्या वर्षी एका मंगळवारी सकाळी ती ओट्याशी उभी होती. म्हणाली, ‘हा हात कसा झोपलाय बघा माझा.’ कप पडला. बोलणं जड झालं. मग नऊ दिवस, आणि ती गेली. मोठ्या दवाखान्यात त्यांनी वही नेली होती, कुशीत धरून. तिथल्या तरुण डॉक्टरला दाखवली, ‘दाब तर ताब्यात होता’ म्हणाले. त्यानं पानं उलटली आणि हळूच परत दिली. ‘ताब्यात असूनही कधी कधी होतं, काका.’ या एका वाक्यावर मास्तर दोन वर्षं जगले होते. सकाळी उठत होते, मशीन चालवत होते, जेवत होते. आपल्याकडून काही राहिलं नाही, हे ते स्वतःला सांगत नव्हते. सांगायची वेळच येत नव्हती, इतकं ते नक्की होतं.

ते उठले आणि परत आत गेले. परिचारिका दुसऱ्याच कुणाच्या दंडाला पट्टा बांधत होती. ते दारात उभे राहिले. तो माणूस गेल्यावर म्हणाले, ‘बाई, एक विचारतो. पट्टा मोठा असला तर किती फरक पडतो?’

‘सांगता येत नाही नेमकं. पाच, दहा. बारीक दंड असेल तर कधी त्याहून जास्त.’

‘दहा आकड्यांनी माणूस जातो?’

तिनं हातातलं काम ठेवलं. त्यांच्याकडे नीट पाहिलं. ‘काका, तेवढ्यानंच गेलं असं कुणी सांगू शकणार नाही. त्यानं काहीच झालं नाही, असंही कुणी सांगू शकणार नाही.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘तो पट्टा तुमच्याशिवाय अजून कुणाला लावता का घरी?’

मास्तरांना आठवलं, आज शनिवार.

दर शनिवारी चार वाजता धाकटी येते. बायकोची धाकटी बहीण. आता तिचीही साठी उलटली तरी ती धाकटीच. बहीण गेल्यावर महिनाभरानं तिलाही दाब निघाला. तिच्या डॉक्टरनं घरी मोजा सांगितलं, तर म्हणाली, मला त्या यंत्राची भीती वाटते, भाऊजींकडे जाईन. येताना काहीतरी घेऊन येते, मोजून घेते, बसते, बहिणीबद्दल बोलते. हसवतेही. आवाज तोच आहे, फक्त जरा पातळ. आतल्या खोलीत मशीनवर बसून तो आवाज ऐकताना मास्तरांचा पाय कधी कधी थांबतो. तिचा दंड साडेनऊ इंच. काडीच. गेल्या महिन्यात तिचा डॉक्टर गोळी वाढवायची म्हणत होता, तर तिनं आकड्यांचा कागद पुढे केला, मास्तरांच्या अक्षरातला. एकशे छत्तीस, एकशे चौतीस. आणि डॉक्टर गप्प बसला. हे तिनं किती रंगवून सांगितलं होतं! ‘म्हटलं, माझे भाऊजी मोजतात. त्यांच्यापुढे तुमचं काय?’

वाटेत त्यांनी दुकानातून मधला पट्टा घेतला. आता खोक्यातून शोधावा लागत नाही, सगळी मापं पुढेच मांडलेली असतात. दुकानातून बाहेर पडेपर्यंत त्यांचं मन एका ठिकाणी येऊन स्थिर झालं होतं, आणि ते ठिकाण त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. पट्टा बदलायचा. बस. काही बोलायचं नाही. आकडा वाढलेला दिसेल, तेव्हा म्हणायचं, वय झालं, थंडी आहे, डॉक्टरकडे जाऊन ये. ती जाईल. गोळी वाढेल. कुणाचं काही बिघडणार नाही. शिंप्याला हे शिकवावं लागत नाही. तरुणपणी एका लग्नाचा कोट त्यांनी मागच्या बाजूनं दोन इंच आखूड कापला होता. कापड परत मिळणारं नव्हतं. त्यांनी रात्रभर बसून पाठीत एक पट्टी घातली, तिला दोन बटणं लावली, आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, ही नवी तऱ्हा आहे. त्या हंगामात सहा जणांनी तसाच कोट शिवून मागितला. बायको ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. चूक उलट्या बाजूला गेली की सुलट बाजू स्वच्छ दिसते. यात खोटं काही नाही, हा धंदाच आहे. असं म्हणत ते जिना चढले, कुलूप उघडलं, जुना पट्टा नळीतून काढला, नवा बसवला.

पण नंतर वही उघडली तेव्हा त्यांना कळलं, की हे बसत नाही. आजच्या तारखेला एकशे पन्नास लिहायचे आणि त्यावर गेल्या शनिवारचे एकशे चौतीस राहायचे. ते एकशे चौतीस पाहूनच तर तिच्या डॉक्टरनं गोळी थांबवली. तो एक आकडा पाहील आणि म्हणेल, एखाद्या दिवशी वाढतो, बघू पुढच्या महिन्यात. वहीवर त्याचा विश्वास आहे. मग महिना जाईल. तसा मंगळवार यायला कुठे वेळ लागतो? मास्तर बराच वेळ वहीकडे बघत राहिले. त्यांना भीती वाटली नाही. फक्त एवढं दिसलं, की वरचं सगळं खोडल्याशिवाय आजचा आकडा खरा होणार नाही, आणि वरचं खोडायचं तर त्याच्याही वरचं, दोन वर्षांमागचं, बायकोच्या नावाचं, तेही खोडावं लागेल. आणि हे धाकटीसमोर.

चारला दोन मिनिटं होती. जिन्यावरूनच आवाज आला, ‘भाऊजी, आज अंडी आणलीत, फुटलेली नाहीत, एकच जरा रुसलंय.’ ती आत आली, पिशवी ठेवली, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बाही वर सरकवत नेहमीच्या जागी बसली. ‘काय म्हणाले डोळेवाले? दिसायला लागलं की माझ्या सुरकुत्या मोजाल, म्हणून मी तर म्हणते, नकोच ते ऑपरेशन.’

‘बस जरा. एक सांगायचंय.’

‘बसलेच आहे.’

‘गेली दोन वर्षं तुझा आकडा मी चुकीचा काढतोय.’

ती हसली. ‘चला! तुम्ही आणि चुकीचा?’

‘पट्टा मोठा होता. तुझ्या दंडाला तो चालत नाही. त्यानं आकडा कमी येतो. आज दवाखान्यात कळलं. तुझा दाब मी सांगत होतो तेवढा नाही, जास्त आहे. गोळी वाढवायला हवी होती. माझ्यामुळे वाढली नाही.’

‘एवढंच ना? मग वाढवू. जीव घाबरवलात उगाच. मला वाटलं, डोळ्याचं काही...’ ती बोलता बोलता थांबली. टेबलावर जुना पट्टा पडला होता. तिनं तो उचलला. ‘हा ताईचा.’

‘हो.’

‘ताई जाड होती तेव्हाचा.’

‘हो.’

मास्तरांना पुढचं सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, ती येण्याआधी तीनदा म्हणून पाहिलं होतं. पण धाकटी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती भिंतीवरच्या खुंटीकडे बघत होती, तिथे बहिणीचा कोट अजून लटकत होता. ‘भाऊजी,’ ती म्हणाली, ‘दर वर्षी तुम्ही तिच्या बाह्या आत घेत होतात.’

‘हो.’

‘काखेत कळसा...’ तिनं पुढचं म्हटलं नाही. उठून खिडकीशी गेली. खाली कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं, तिचं एक चाक वाजत होतं. ते दूर जाईपर्यंत ती पाठमोरी उभी राहिली. ‘किती होता मग तिचा? खरा?’

‘माहीत नाही. ते आता कधीच कळणार नाही.’

‘म्हणजे त्यानंच?’

‘तेही नाही कळणार. विचारून आलो मी. पण वही बरोबर नव्हती, एवढं नक्की. मी सगळ्यांना छातीठोक दाखवत फिरलो ती वही.’

ती वळली तेव्हा डोळे लाल होते आणि आवाज अगदी कोरडा. ‘मला न सांगता पट्टा बदलला असतात तर मला कळलं असतं का?’

‘नाही.’

‘विचार आला होता?’

‘आला होता. दुकानापासून घरापर्यंत तोच होता.’

धाकटीनं खुर्ची ओढली. बसली. दंड टेबलावर टाकला, जवळजवळ आपटलाच. ‘मोजा.’

‘आत्ता नको. आत्ता जास्त येईल. रागात, रडताना...’

‘मग किती वेळ थांबायचं?’

‘पाच मिनिटं. न बोलता.’

‘बरं,’ ती म्हणाली. ‘तेवढं मला जमेल. ताईला नव्हतं जमत.’

मास्तरांनी मधला पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला, आतल्या रेघा बघून, कड त्यांच्या मध्ये येईल अशी. दोन बोटं आत घालून पाहिली. खाली कापडाच्या घड्या सरकवल्या. तिचे पाय एकावर एक होते. त्यांनी खुणेनं सांगितलं, तिनं खाली ठेवले. मग दोघं बसून राहिले. मास्तर घड्याळाकडे बघत होते. आयुष्यात इतक्यांदा ही पाच मिनिटं त्यांनी मोजली होती, की घड्याळ न बघताही ती त्यांना कळत. आज कळेनात. पहिल्या मिनिटाला वाटलं, ती उठून जाईल. दुसऱ्याला तिचा श्वास अडकत होता. तिनं ओठ मिटून नाकानं श्वास घेतला, सोडला. समोरच्या माणसाकडे न बघण्यासाठी ती टेबलावरच्या खडूच्या तुकड्याकडे बघत होती. तिसऱ्या मिनिटाला तिचा खांदा जरा खाली आला. मास्तरांना तिच्याशी किती बोलायचं होतं. माफी नव्हे, ती मागून काय होणार. सांगायचं होतं, की मी आळस केला नाही, टाळाटाळ केली नाही, मला फक्त खात्री होती. पण बोलायचं नव्हतं. चौथं मिनिट. पाचवं. त्यांनी बटण दाबलं. पट्टा फुगला, दंडावर बसला, कुठे सुरकुतला नाही.

‘एकशे चोपन्न,’ ते म्हणाले. ‘खालचा शहाण्णव.’

मिनिटभर थांबून पुन्हा मोजलं. एकशे बावन्न, चौऱ्याण्णव. त्यांनी दोन्ही लिहिले. मग वरच्या सगळ्या शनिवारांवर फूटपट्टी धरून एक तिरकी रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, ‘पट्टा मोठा. आकडे धरू नयेत.’ अक्षर नेहमीसारखंच आलं. धाकटी ते उलट्या बाजूनं वाचत होती.

‘सोमवारी दवाखाना उघडला की जा,’ मास्तर म्हणाले. ‘तोवर गोळी आहे तीच घे. स्वतःच्या मनानं वाढवायची नाही. पण डोकं दुखलं, बोलताना जीभ अडखळली, हात जड वाटला, तर सोमवारची वाट बघू नकोस. आणि मला आधी फोन करू नकोस. आधी गाडी बोलाव.’

‘डॉक्टरला काय सांगू? आजवर त्याच्या तोंडावर कागद फेकत आले मी.’

‘तू नको सांगूस. मी येतो. मीच सांगेन.’

‘सगळं?’

‘सगळं.’

‘ताईचंसुद्धा?’

‘तिचंच आधी.’

धाकटीनं नाक पुसलं, आणि पुसता पुसता तिच्या लक्षात आलं, की डावा हात अजून टेबलावरच आहे.

‘मग हा पट्टा सोडा आता,’ ती म्हणाली. ‘हात अवघडला माझा.’